गाज टिपावी कशी?

समुद्राच्या आवाजाला आपल्या भाषेने एक खास शब्द देऊन ठेवला आहे : गाज. खळखळ ओढ्याचीही असते आणि बांगड्यांचीही, पण गाज म्हटली की समुद्रच डोळ्यांपुढे उभा राहतो. या गाजेचे ध्वनिमुद्रण करणे मात्र मोठे फसवे काम आहे. हौसेने किनाऱ्यावर जावे, यंत्र लाटेच्या तोंडाशी धरावे आणि घरी येऊन ऐकावे, तर कानी पडते काय? कढईत चकल्या तळल्याचा चुरचुराट!

याचे कारण लाटेतच आहे. लाट फुटते तेव्हा हवा पाण्यात कोंडली जाते आणि तिचे असंख्य बुडबुडे होतात. आवाज करतात ते हे बुडबुडे. उट्रेख्टचे शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली याचे गणित मांडले. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे सव्वातीन हजार कंपने करतो, तर एक सेंटिमीटरचा केवळ सव्वातीनशे. म्हणजे बुडबुडा जितका थोर, तितका त्याचा सूर खर्जातला. काठाशी फेसाचा बारीक चुरचुराट इतका दाट असतो की मागची धीरगंभीर गाज त्यात बुडून जाते. म्हणून जाणकार मंडळी लाटेपासून दूर, सुरूच्या बनाआड बसतात. बारीक सूर हवेत लवकर विरतात, खर्ज पोचतो. शिवाय वारा अडतो हा दुसरा लाभ. कारण ध्वनिग्राहकाच्या पडद्यावर वाऱ्याची नुसती झुळूक आदळली तरी ढगांच्या गडगडाटाचा भास होतो.

भिवंडी तालुक्यातले आमचे वळ काही समुद्रावर वसलेले नाही. पण उल्हास नदीची खाडी इथून दूर नाही. तिथे भरतीचे खारे पाणी चढते, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर तुतवार, शेकाट्ये, बगळे उतरतात. या बाजूला आता गोदामेच गोदामे झाली आहेत. ओहोटीच्या वेळी टिटवीचा आवाज टिपायला बसावे, तर दोन मालमोटारींच्या मध्ये जेवढी शांतता मिळेल तेवढ्यातच काम उरकावे लागते. ती शांतता एका मिनिटाची मिळाली तरी मी ती पर्वणी समजतो. टिटवी बिचारी थांबत नाही. पण तिचा आवाज जोडीदारापर्यंत पोचतो की नाही, हे तिलाच ठाऊक.

पक्ष्याचा आवाज प्रथम टिपला गेला त्याची हकीकत मोठी गोड आहे. १८८९ साली फ्रँकफुर्टमध्ये लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी आणून दिलेल्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर, आपल्या पाळीव पक्ष्याचे गाणे मुद्रित केले. पक्ष्याच्या गाण्याचे हे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने मुद्रण. आणि तो पक्षी होता शामा! आपल्या सह्याद्रीच्या रानात गाणाऱ्या जातीचा. तेव्हा या शास्त्राचा पहिला गवई आपल्याकडचा, असे म्हटले तर फारसे वावगे होऊ नये.

पाण्याखाली कान लावला की निराळीच दुनिया सुरू होते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. उथळ उष्ण समुद्रात सतत कडकड ऐकू येते, ती आपला एक आकडा फटकन मिटणाऱ्या चिमुकल्या कोळंबीची. आणि मासे? ते मुके असतात ही आपली समजूत. पण ढोमा आणि घोळ या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंची थरथर करून ढोलासारखा आवाज काढतात. ढोमा पाण्याबाहेर काढला तरी गुरगुरतो, हे कोळी बांधवांना सांगावे लागत नाही.

आता दैवाचा खेळ पाहा. घोळ माशाच्या याच पिशवीला, म्हणजे ‘बोता’ला, परदेशी बाजारात सोन्याचा भाव येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील मच्छीमारांना एका फेरीत दीडशेहून अधिक घोळ सापडले आणि सव्वा कोटीहून अधिक रुपये मिळाल्याची बातमी सर्वत्र झळकली. कष्टाळू माणसांचे नशीब उघडले याचा आनंदच आहे. पण ज्या वाद्यावर तो मासा वाजतो, तेच त्याच्या जिवावर उठले आहे. हे कळप विरळ झाले, तर त्यांच्या आवाजाचा पुरावा काय राहणार? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने झुआरीच्या मुखाशी माशांचे समूहगान टिपून ठेवले आहे. गोव्याच्या किनाऱ्यालगत २०१७ साली केलेल्या मुद्रणात तर कुबड्या देवमाशाचे गाणे सापडले. अरबी समुद्रातले हे देवमासे इतर भाईबंदांसारखे दक्षिण ध्रुवाकडे जात नाहीत. बारा महिने याच समुद्रात राहतात आणि संख्येने अगदी थोडे उरले आहेत.

१९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी धाडली. तिच्यावर फुटणाऱ्या लाटा आहेत, पक्षी आहेत, देवमाशाचे गाणे आहे. मराठीतला एक नमस्कार आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. गाज आणि भैरवी एकाच तबकडीवर! निवड करणाऱ्याला कान होता खास.

दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी हा उद्योग अवश्य करून पाहावा. खिशातला भ्रमणध्वनीही चालेल. त्यावर जाड लोकरी मोजा चढवावा, वाऱ्याकडे पाठ करावी आणि सुरुवातीला स्थळ, वेळ व तिथी स्वतःच्या आवाजात सांगावी. तिथी अशासाठी की आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी आणि रात्री उधाणाचे पाणी. रात्रीची भरती फटाके खाऊन टाकतील, तेव्हा दुपारचीच धरावी. भाऊबीजेला वेळ येते दीडची. ओवाळणी आणि जेवणे आटोपून निघाले, तरी गाठता येईल.