अमेरिकेतील निवडणुका आणि कारखानदारांची भांडवल-गुंतवणूक

पोलादाची भट्टी, मोटारीच्या भागांचे साचे किंवा अर्धसंवाहकांचा कारखाना यांत घातलेले भांडवल वसूल होण्यास अनेक वर्षे लागतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षाची मुदत चार वर्षांची आहे. प्रतिनिधिगृहाच्या सर्व आणि सेनेटच्या सुमारे एकतृतीयांश जागा तर दर दोन वर्षांनी मतदारांपुढे येतात. म्हणजे एका यंत्राच्या आयुष्यात ज्या सरकारच्या करांवर आणि जकातींवर त्या यंत्राचा नफा अवलंबून, ते सरकार अनेक वेळा बदलण्याचा संभव असतो. निवडणुका जवळ आल्या की कोणता पक्ष उद्योगधंद्यांस अधिक अनुकूल, याची चर्चा वृत्तपत्रांत रंगते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. आजच्या सरकारने दिलेले अभिवचन उद्याचे सरकार पाळील, असे कारखानदाराने कितपत धरून चालावे?

या प्रश्नाचे तात्त्विक अंग बेन बर्नांके यांनी १९८३ मध्ये आणि पुढे अविनाश दीक्षित व रॉबर्ट पिंडाइक यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात विशद केले. (दीक्षित हे मूळचे मुंबईचे.) विवेचनाचे सूत्र साधे आहे. कारखान्यातील बहुतेक गुंतवणूक मागे घेता येत नाही. विशिष्ट कामासाठी बनविलेले यंत्र विकावयास काढले तर त्याची किंमत भंगाराच्या जवळपास येते. अशा स्थितीत थांबण्याच्या अधिकारालाच मूल्य प्राप्त होते. सहा महिन्यांनी जकातीचा दर कळणार असेल, तर आज फायदेशीर दिसणारी योजनाही सहा महिने बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते. येथे कारखानदार भित्रा असण्याची आवश्यकता नाही; तो केवळ हिशेबी असला तरी पुरे. ज्यूलिओ आणि यूक यांनी ४८ देशांतील १९८० ते २००५ या काळातील कंपन्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा इतर कारणांचा परिणाम वगळूनही राष्ट्रीय निवडणुकीच्या वर्षी भांडवल-गुंतवणूक सरासरीने ४.८ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेत तर निवडणुकीचा दिवस कायद्यानेच ठरलेला असतो. संसदीय पद्धतीप्रमाणे सभागृह मुदतीपूर्वी विसर्जित होण्याची शक्यता तेथे नाही. अनिश्चितता असते ती निकालाची. ती केव्हा येणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते, आणि म्हणून तिच्यासाठी थांबणेही सोपे जाते.

तथापि अनिश्चितता निवडणुकीच्या दिवशी संपत नाही. अमेरिकन राज्यघटनेने आयातकर बसविण्याचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे तेथील विधिमंडळाकडे, सोपविला आहे. परंतु विसाव्या शतकात त्या अधिकाराचा बराच भाग काँग्रेसने आपण होऊन अध्यक्षाच्या हाती दिला. १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्याचे २३२ वे कलम हे याचे ठळक उदाहरण होय. एखाद्या मालाच्या आयातीने राष्ट्राच्या संरक्षणास बाध येतो असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला, तर अध्यक्ष केवळ जाहीरनाम्याने जकात बसवू शकतो. मार्च २०१८ मध्ये या कलमाखाली पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के जकात आली. अध्यक्ष बदलल्यावर, २०२२ च्या आरंभापासून, युरोपीय संघाच्या मालाला ठराविक प्रमाणापर्यंत सूट मिळाली. पुन्हा अध्यक्ष बदलला आणि मार्च २०२५ मध्ये सर्व सवलती रद्द होऊन दोन्ही धातूंवर २५ टक्के जकात लागू झाली. त्याच वर्षीच्या ४ जूनपासून बहुतेक देशांपुरती ती ५० टक्के झाली. या साऱ्या उलाढालीसाठी विधिमंडळाच्या मतदानाची गरज एकदाही पडली नाही.

पोलाद बनविणाऱ्याला अशा जकातीने संरक्षण मिळते, हे उघड आहे. पण पोलाद वापरणारे धंदे, म्हणजे मोटारी, शेतीची अवजारे, यंत्रे आणि गृहोपयोगी उपकरणे बनविणारे कारखाने, कितीतरी पटींनी अधिक कामगार पोसतात, आणि त्यांच्या दृष्टीने ती कच्च्या मालावरील करवाढ ठरते. फेडरल रिझर्व्हमधील फ्लाएन आणि पिअर्स या संशोधकांनी २०१८ च्या जकातींचा अभ्यास केला. ज्या धंद्यांवर त्यांचा भार अधिक पडला तेथील रोजगार तुलनेने घटला, असे त्यांना दिसून आले. संरक्षणापासून झालेला अल्प लाभ महागलेल्या कच्च्या मालाने आणि इतर देशांच्या प्रत्युत्तरादाखलच्या जकातींनी गिळून टाकला होता.

धुलाईयंत्रांचे प्रकरण या बाबतीत फार बोधप्रद आहे. जानेवारी २०१८ मध्ये, पोलादाच्या जकातीच्या दोनच महिने आधी, आयात धुलाईयंत्रांवर स्वतंत्र संरक्षक जकात बसविण्यात आली. पहिल्या वर्षी १२ लाख नगांपर्यंत २० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के असा तिचा दर होता. ती मागणारी व्हर्लपूल ही कंपनी ओहायओ राज्यातील क्लाइड येथे यंत्रे बनविते. तिच्या प्रतिस्पर्धी कोरियन कंपन्यांनी साउथ कॅरोलायना आणि टेनेसी या राज्यांत कारखाने काढले. एवढ्यावरून धोरण यशस्वी झाले असे वाटेल. परंतु धुलाईयंत्राची किंमत सुमारे १२ टक्क्यांनी वाढली, आणि जिच्यावर कसलीही जकात नव्हती त्या कपडे वाळविण्याच्या यंत्राची किंमतही जवळजवळ तितकीच चढली. अमेरिकन गृहिणी ही दोन्ही यंत्रे जोडीने विकत घेते. तेव्हा विक्रेत्यांनी भाववाढ जोडीवर वाटून टाकली. फ्लाएन, होर्ताचसू आणि टिन्टेलनॉट यांच्या हिशेबाप्रमाणे सुमारे १,८०० नव्या नोकऱ्यांपैकी प्रत्येकीसाठी ग्राहकांना वर्षाला अंदाजे ८,१५,००० डॉलर मोजावे लागले. स्वतः व्हर्लपूललाही पोलाद आणि ॲल्युमिनियम महागल्याचा फटका बसलाच. एका जाहीरनाम्याने दिलेले दुसऱ्याने काढून घेतले. ही संरक्षक जकात फेब्रुवारी २०२३ मध्ये मुदत भरून संपली.

मग असे धोरण का स्वीकारले जाते? याचे उत्तर अंशतः निवडणुकीच्या भूगोलात सापडते. अध्यक्षाची निवड राज्यवार मतांनी होते, आणि पेनसिल्व्हेनिया व ओहायओ यांसारखी पोलादाची राज्ये दीर्घकाळ अटीतटीची राहिली होती. मार्च २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी, मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते असूनही, पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत जकात बसविली. तिची योजना तीन वर्षांची होती. जागतिक व्यापार संघटनेत निर्णय विरुद्ध गेल्यावर युरोपीय संघाने प्रत्युत्तराची यादी तयार केली. तीत फ्लोरिडाच्या लिंबूवर्गीय फळांसारखा माल मुद्दाम निवडलेला होता, कारण फ्लोरिडा हेही अटीतटीचेच राज्य. डिसेंबर २००३ मध्ये जकात मागे घेतली गेली. बसविताना जो हिशेब होता तोच उठवितानाही होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. २०१८ च्या जकातींविषयीही फायगेलबाऊम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे दाखविले की, चुरशीच्या परगण्यांतील धंद्यांना संरक्षण अधिक मिळाले होते.

जकातीपेक्षा कायद्याने दिलेली करसवलत अधिक टिकाऊ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तीही मर्यादितच खरी. २०१७ च्या करकायद्याने यंत्रसामग्रीची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करण्याची मुभा दिली, पण २०२३ मध्ये ती ८० आणि २०२४ मध्ये ६० टक्क्यांवर आली. पुढे २०२५ च्या कायद्याने ती पुन्हा पूर्ण केली.

२०२२ सालच्या दोन कायद्यांची तुलना अधिक उद्बोधक आहे. अर्धसंवाहकांविषयीच्या कायद्याला दोन्ही पक्षांची मते मिळाली होती. ऊर्जा आणि हवामानविषयक तरतुदींचा कायदा मात्र एकट्या डेमोक्रॅटिक पक्षाने, सेनेटमध्ये उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने, संमत करून घेतला. त्याखालील बरेचसे नवे कारखाने रिपब्लिकन मतदारसंघांत उभे राहू लागले, तेव्हा सत्तापालट झाला तरी आपल्याच मतदारांच्या पोटावर कोणी पाय देणार नाही असा अनेकांचा कयास होता. तो अर्धाच खरा ठरला. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने विजेच्या मोटारीच्या ग्राहकाला मिळणारी ७,५०० डॉलरपर्यंतची सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद केली. विजेरीच्या घटकांच्या उत्पादनावरील सवलत नव्या अटींसह शिल्लक ठेवली. अर्धसंवाहकांच्या कारखान्यांची करसवलत तर २५ वरून ३५ टक्के झाली. म्हणजे विजेरी बनविणाऱ्याची सवलत राहिली आणि तिचे गिऱ्हाईक पातळ झाले. दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेला कायदा टिकला. मात्र त्याच्या अंमलबजावणीची दिशा टिकलीच असे नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये इंटेल या कंपनीला द्यावयाच्या अनुदानांच्या मोबदल्यात सरकारने तिचे सुमारे दहा टक्के भाग घेतले. आधीच्या सरकारशी करार करताना कंपनीने ही अट मान्य केलेली नव्हती.

आतापर्यंतच्या विवेचनावरून स्थिर धोरण म्हणजे कारखानदारीचे हित, असे समीकरण कोणी मांडील तर त्याला चीनच्या व्यापारदर्जाचे उदाहरण आड येते. १९८० पासून चिनी मालाला कमी जकातीचा लाभ मिळत असे, पण त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. १९८९ च्या तिआनानमेन प्रकरणानंतर काँग्रेसमध्ये त्यावर वर्षानुवर्षे वादळ उठे. नूतनीकरण नाकारले गेले असते तर सुमारे ४ टक्क्यांची सरासरी जकात ३७ टक्क्यांच्या आसपास गेली असती. ऑक्टोबर २००० मध्ये हा दर्जा कायम करण्याचा कायदा झाला. दर तोच राहिला. गेली ती केवळ धास्ती. पिअर्स आणि शॉट यांनी २०१६ मध्ये दाखविले की, ज्या धंद्यांत ही धास्ती मोठी होती त्यांतच पुढे अमेरिकन रोजगार अधिक घसरला. मार्च २००१ ते मार्च २००७ या सहा वर्षांत कारखान्यांतील एकूण रोजगार १८ टक्क्यांनी कमी झाला. चीनमध्ये कारखाना काढण्यास कचरणारे भांडवल निर्धास्त झाले. कारखानदाराला मिळालेली निश्चिती आणि कामगाराची नोकरी या दोन गोष्टी येथे परस्परविरोधी ठरल्या.

त्या रोजगारहानीचा परिणाम मतपेटीपर्यंत पोहोचला. ऑटर, डॉर्न, हॅन्सन आणि मायलेसी यांच्या २०२० मधील अभ्यासानुसार, चिनी आयातीची झळ अधिक पोहोचलेले परगणे २००० ते २०१६ या काळात अध्यक्षीय निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाकडे झुकले. २०१८ च्या जकाती बसविणारे सरकार २०१६ च्या ज्या निवडणुकीने आले, तिच्यात त्या परगण्यांच्या मतांचाही वाटा होता.