हरभऱ्याच्या पानावरची आंब

पौषातल्या पहाटे चोपड्याकडच्या किंवा शिंदखेड्याकडच्या काळ्या रानात, हरभऱ्याच्या दोन ओळींतून अनवाणी चालून पाहा. थोड्याच वेळात पोटऱ्या चुरचुरायला लागतात. ओलं बोट जिभेला लावलं की डोळे मिटतात, इतकं आंबट. हीच आंब. जुनी माणसं धुतलेलं पांढरं फडकं झाडांवरून फिरवून दवासकट ती टिपायची, पिळून बाटलीत भरायची आणि पोट दुखलं की चमचाभर द्यायची. घोळाण्यात हरभऱ्याचा कोवळा पाला असला, की लिंबू लागत नाही ते हिच्यामुळेच.

पानावरच्या बारीक लवेच्या टोकाशी ग्रंथी असतात, त्यांतून हे थेंब पाझरतात. त्यांत मुख्य आम्लं दोन: मॅलिक आणि ऑक्झॅलिक. मॅलिक आपल्या केळ्यातही असतं. दोन्ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचीच, दोघांतही आंबटपणा देणारे कार्बॉक्सिल गट दोन-दोनच. तरी ऑक्झॅलिक हे मॅलिकच्या सुमारे १४० पट तीव्र! माल तोच, मग एवढी तफावत कुठून?

रचनेतून. आम्ल म्हणजे हायड्रोजन सोडून देणारा रेणू. हा हायड्रोजन जाताना आपला इलेक्ट्रॉन मागेच टाकून जातो, आणि तो ऋणभार रेणूला सांभाळावा लागतो. शेजारी कुणी इलेक्ट्रॉन ओढून घेणारं असेल, तर ओझं वाटलं जातं आणि हायड्रोजन सहज सुटतो. कार्बॉक्सिल गट स्वतःच असा ओढणारा आहे. ऑक्झॅलिकमध्ये असे दोन गट थेट एकमेकांना चिकटलेले.

आता त्यांना लांब करत जा. रसायनशास्त्रज्ञ तीव्रता पीकेए या आकड्यात मोजतात. आकडा एकाने उतरला की आम्ल दहापट तीव्र. ऑक्झॅलिकचा १.२५. दोन गटांच्या मध्ये एक कार्बन घातला की मॅलॉनिक आम्ल, आकडा २.८३. दोन घातले की सक्सिनिक, ४.२१, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच्या पंगतीला (४.७६). दोन कार्बनांच्या अंतरावर शेजाऱ्याचा हात पोचेनासा होतो. आणि गंमत म्हणजे, याच सक्सिनिकला एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटवली की झालं मॅलिक: ३.४०. एवढ्याशा बदलाने सहापटीहून जास्त तीव्र.

ऑक्झॅलिकचा पहिला हायड्रोजन सुटला, की दुसरा मात्र अडून बसतो. त्याचा आकडा ४.२७. ऋणभार झालेला रेणू धनभाराचा कण सहजी कशाला सोडेल?

हरभऱ्याला यातलं काही ठाऊक असायची गरज नाही. पण घाटे अळीच्या पोटात ऑक्झॅलिक गेलं, की तिची वाढ खुंटते. आपल्याला मात्र शेतातून बाहेर आल्यावर पाय धुवावे लागतात, एवढंच.