गॅलरीतील वनौषधी, दिव्याची निवड आणि विजया

गेल्या पावसाळ्यात आमच्या बदलापूर येथील चिकित्सालयात एक तरुण गृहस्थ वडिलांना घेऊन आले. वडील संधिशूल व अनिद्रेने दीर्घकाळ त्रस्त. तपासणी आटोपल्यावर चिरंजीवांनी हळूच विचारले, "डॉक्टरसाहेब, भांग तर आयुर्वेदातच सांगितली आहे. बंद गॅलरीत दिव्याखाली चार रोपे लावली तर चालेल ना? पाने चांगली वाढावीत म्हणून कोणता दिवा घ्यावा, तेवढे सांगा."

हा प्रश्न आता अनेक वैद्यांपुढे येत असेल, म्हणून त्याचा साकल्याने विचार करू.

विजया आपल्या शास्त्रात आहे, हे खरे. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भंगेचा उल्लेख केला आहे. उपविषांत तिची गणना असून शोधनाशिवाय तिचा वापर सांगितलेला नाही. जातीफलादी चूर्णात ती आहे. परंतु शास्त्रात असणे आणि घरात लावणे या भिन्न गोष्टी होत. १९८५ च्या एनडीपीएस अधिनियमातील व्याख्येतून शेंड्यांविरहित पाने वगळलेली आहेत. येथेच लोकांचा गैरसमज होतो. पाने वगळली तरी रोपाची विनापरवाना लागवड हा गुन्हाच आहे. त्यास दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय आपल्या राज्यात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचेही नियंत्रण आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तंतू व बियांसाठी परवाने दिले, जम्मूच्या शासकीय संस्थेत संशोधनासाठी लागवड होते. पण अंबरनाथच्या सदनिकेस त्याचा काही लाभ नाही. कॅनडात २०१८ पासून केंद्रीय कायद्याने घरी चार रोपांची मुभा आहे. दिव्यांच्या बहुतेक जाहिराती अशाच देशांतील ग्राहकांसाठी लिहिलेल्या असतात.

चिरंजीवांना आम्ही हे स्पष्ट सांगितले. मात्र दिव्याचा प्रश्न आम्ही टाळला नाही. कारण तुळस, ब्राह्मी, मण्डूकपर्णी यांसाठी तो तितकाच खरा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात इमारतीला इमारत लागून आहे. गॅलऱ्या काचांनी बंद केलेल्या असतात. त्यातच जून ते सप्टेंबर आकाश झाकोळलेले. अशा जागी तुळस उंच, फिकट व विरळ पानांची होते. तो प्रकाशाच्या अभावाचा परिणाम होय.

दिवा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

वर्ण : पानांच्या वाढीच्या अवस्थेत निळ्या प्रकाशाचा पुरेसा अंश हवा, त्याने पेरी आखूड व रोप भरगच्च राहते. केवळ तांबड्या प्रकाशात ते लांबत जाते. ४००० ते ६५०० केल्विनचा साधा पांढरा एलईडी यास पुरेसा आहे. जांभळ्या दिव्याखाली तर पानावरील रोगही नीट दिसत नाही.

तीव्रता : ल्यूमेन हे माप मानवी नेत्रासाठी आहे. वनस्पतीसाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशकण मोजतात. तुळशीस सुमारे २०० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद इतका प्रकाश १४ तास मिळाल्यास पानांची वाढ समाधानकारक होते. मण्डूकपर्णी सावलीस सरावलेली असल्याने तिचे याच्या निम्म्यातही भागते. मोबाइलवरील लक्समापकाचा आकडा पांढऱ्या एलईडीखाली साधारण ७० ने भागल्यास अंदाज येतो; म्हणजे शेंड्यापाशी १४,००० लक्स पुरे.

वॅट : खोक्यावरील "१००० वॅट" या शब्दांवर विश्वास ठेवू नये, प्रत्यक्ष वीज किती लागते ते पाहावे. दोन फूट लांबी-रुंदीच्या जागेस चांगला ५० वॅटचा एलईडी पुरतो. तो १४ तास चालल्यास महिन्याला सुमारे २१ युनिट वीज लागते.

उष्णता : पूर्वी या कामी मेटल हॅलाइड दिवे वापरत. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरच्या बंद गॅलरीत असा दिवा म्हणजे रोपांचा दाह होय. एलईडी शेंड्यापासून सुमारे एक फुटावर टांगावा. शेंड्यापाशी हात धरून चटका जाणवल्यास वर घ्यावा. पावसाळी ओल लक्षात घेऊन तारा व जोडण्या झाकलेल्या असाव्यात. रात्रीचा अंधारही आवश्यक आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. चरकाने कल्पस्थानात औषधी भूमीस योग्य काळी शीत, आतप, वायू व जल मिळावे असे म्हटले आहे. दिवा यांपैकी केवळ आतपाची उणीव काही अंशी भरून काढतो. म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि कुंडीचा निचरा पाहावा. गॅलरीतील पाने घरगुती काढ्यापुरती ठीक. ती प्रमाणित औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

वडिलांना आम्ही स्नेहन, स्वेदन व पथ्य सांगितले. विजयायुक्त कल्पाची गरज भासल्यास तो परवानाधारक निर्मात्याचा, वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावा, हेही बजावले. पुढील भेटीत चिरंजीवांनी मोबाइलवरील छायाचित्र दाखविले : पांढऱ्या दिव्याखाली तुळशीच्या तीन कुंड्या, शेजारी ब्राह्मी. झोपण्यापूर्वी तो दिवा मालवण्याचे काम आता वडिलांनी आपणहून घेतले आहे.

रुग्ण असा प्रश्न विचारतो तेव्हा त्यास केवळ "नाही" म्हणून परत पाठविल्यास तो दुसरीकडे उत्तर शोधतो, आणि तेथे त्यास कायद्याची जाणीव करून देणारा कोणी असेलच असे नाही. आपल्या सभासद बंधुभगिनींनी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे, इतकीच आमची विनंती.