देवडी आणि खोल्या

खानदेशातील जुन्या वाड्याला दिंडीदरवाजा असे आणि त्याच्या आत देवडी. आल्यागेल्याची चौकशी देवडीवर होई. वाड्याला भोवताली भिंत असल्यामुळे तेवढा पहारा पुरत असे. संकेतस्थळाची रचना मात्र निराळी आहे, हे आपण प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तेथे प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता असतो. म्हणजे प्रत्येक खोलीचे दार थेट हमरस्त्यावर उघडते. ज्याला पत्ता ठाऊक, त्याला देवडीवरून जाण्याचे कारणच काय?

जळगावच्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका घ्या, किंवा धुळ्याच्या व्यापाऱ्याचे बँकखाते घ्या. परवलीचा शब्द बरोबर दिला की सर्व्हर, म्हणजे पाने धाडणारा संगणक, आपल्याला एक गुप्त बिल्ला देतो. त्याला कुकी म्हणतात. पुढे प्रत्येक मागणीबरोबर तो बिल्ला आपोआप जातो. पान धाडण्यापूर्वी सर्व्हरने प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावयाचे असतात: हा मनुष्य कोण? आणि हा कागद त्याचाच आहे काय? उत्तर समाधानकारक नसेल, तर त्याला प्रवेशाच्या पानाकडे परत पाठवावे किंवा साफ नकार द्यावा.

कित्येक ठिकाणी पानाची वाट दाखविणारा दुवा तेवढा लपवितात. पाटी काढली म्हणून दार बंद होत नाही. तपासणी पाहणाऱ्याच्याच संगणकावर ठेवणेही व्यर्थ. पाहुण्याच्या हाती किल्ली देऊन कुलूप लावण्यासारखेच ते होय.

अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन या कंपनीच्या संकेतस्थळावर 2019 साली सुमारे 88.5 कोटी कागद असे उघडे आढळले. पत्त्यातील आकडा बदलला की दुसऱ्याचा कागद समोर येई. पहिला प्रश्नही कोणी विचारीत नव्हते. 2021 साली ओवास्प या संस्थेने अशा दोषांची यादी केली, तीत प्रवेशनियंत्रणातील ढिलाईला पहिला क्रमांक मिळाला. आपल्याकडे 2023 च्या कायद्यात, वैयक्तिक माहितीचे रक्षण न करणाऱ्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

नागरिकालाही थोडी परीक्षा करता येते. आपल्याच कागदाचा पत्ता टिपून ठेवावा, बाहेर पडावे, आणि तो पुन्हा उघडून पाहावा. परवलीचा शब्द न मागता कागद समोर आला, तर संबंधित कचेरीस लेखी कळवावे. कागद आपला आहे. तो कोणी पाहावा, हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.