हीदर झुडपांची लागवड व निगा : एक परिसरशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

एमिली ब्राँटे यांची ‘वुदरिंग हाइट्स’ (१८४७) ही कादंबरी आपल्याकडील इंग्रजीच्या अध्यापकांना सुपरिचित आहे. तिच्या पार्श्वभूमीस असलेल्या यॉर्कशरच्या माळरानावर वाढणारे हीदर हे झुडूप मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. ब्रिटनच्या निकस, वाऱ्याच्या माळावर हे झुडूप मैलोनमैल पसरते. बागेत मात्र पुष्कळदा काही वर्षांतच बुंध्याशी उघडे पडून वाळू लागते. माळावर जे जगते ते बागेत का मरते, या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वनस्पतीचा परिचय

हीदर म्हणजे एरिकेसी कुळातील कॅलुना व्हल्गॅरिस. आपल्या हिमालयातील बुरांश याच कुळातील होय. लिनियसने हीदरचा समावेश एरिका या प्रजातीत केला होता. १८०२ मध्ये सॅलिस्बरी याने त्यासाठी कॅलुना ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. या नावाचे मूळ ‘झाडून स्वच्छ करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात आहे, कारण हीदरच्या फांद्यांच्या केरसुण्या बनविल्या जात. कॅलुनाची पाने खवल्यांसारखी व समोरासमोर असतात, तर एरिकाची पाने सुईसारखी व मंडलाकार असतात. ब्रिटनमध्ये कॅलुना साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलते. आल्प्स पर्वतातील एरिका कार्निया ऐन हिवाळ्यात फुलते.

माती व लागवड

हीदरला आम्लधर्मी, निचऱ्याची व निकस माती लागते. मातीचा सामू ४.५ ते ५.५ च्या आसपास असावा. हीदरच्या केसासारख्या बारीक मुळांत सहजीवी बुरशी वास करते आणि निकस मातीतील सेंद्रिय पदार्थांतून नत्र व स्फुरद मिळवून देते. म्हणून शेणखत वा रासायनिक खत यांची हीदरला गरज नसते. उलट भरपूर खताने फांद्या लांब व अशक्त होतात. चुनखडीच्या जमिनीत लोह शोषले न गेल्याने पाने पिवळी पडतात. अशा ठिकाणी चुना सहन करणारी एरिका कार्निया लावणे श्रेयस्कर ठरते.

लागवड शरद ऋतूत वा वसंतात, भरपूर उन्हाच्या जागी करावी. दोन रोपांत सुमारे ४० सेंटिमीटर अंतर ठेवावे व खालची पाने मातीला टेकतील इतके खोल रोप लावावे. मुळे उथळ असल्याने पहिल्या उन्हाळ्यात नियमित पाणी आवश्यक असते. नळाचे पाणी चुनखडीयुक्त असल्यास पावसाचे साठविलेले पाणी वापरावे.

छाटणीचे महत्त्व

स्कॉटलंडमधील अभ्यासक जिमिंगहॅम यांच्या ‘इकॉलॉजी ऑफ हीथलँड्स’ (१९७२) या ग्रंथात हीदरच्या आयुष्याच्या चार अवस्था वर्णिल्या आहेत : आरंभ, वाढ, प्रौढत्व आणि ऱ्हास. ऱ्हासाच्या अवस्थेत झुडूप मध्यभागी उघडे पडते. माळावर ही अवस्था लांबते, कारण मेंढ्या कोवळे शेंडे खातात आणि माळाचे व्यवस्थापक ठराविक वर्षांच्या अंतराने जुने हीदर जाळतात. म्हणजे ज्याला आपण रानटी माळ समजतो, तो प्रत्यक्षात माणसाने अरण्य तोडून घडविलेला व सतत राखलेला आहे.

बागेत मेंढ्या नसतात व आगही नसते. त्यांचे काम कात्रीने करावे लागते. कॅलुनाची छाटणी दरवर्षी वसंताच्या प्रारंभी, तर हिवाळी एरिकाची छाटणी फुले संपताच करावी. वाळलेल्या फुलांच्या लगेच खाली, हिरव्या भागातच कापावे. पर्णहीन जुन्या लाकडातून सहसा नवी फूट येत नाही.

दोन इशारे

पहिला इशारा पीटसंबंधी आहे. माती आम्लधर्मी करण्यासाठी पीट मिसळण्याची प्रथा फार जुनी आहे. परंतु हे पीट दलदलीच्या भूमीतून खणून काढले जाते. ही भूमी कार्बनचा मोठा साठा असून तिच्या कडेने हीदरही वाढते. एका ठिकाणचे हीदर जगविण्यासाठी दुसऱ्या ठिकाणचा अधिवास उद्ध्वस्त करणे समर्थनीय नाही. पाइनच्या सालीचा चुरा वा पानांचे खत हा पर्याय उपलब्ध आहे.

दुसरा इशारा स्थलांतरासंबंधी आहे. न्यूझीलंडच्या टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात १९१२ पासून जॉन कलन यांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी हीदर लावले. पक्षी टिकले नाहीत, हीदर मात्र स्थानिक वनस्पतींना हटवून पसरले. १९९६ मध्ये त्याच्या नियंत्रणासाठी हीदरवरील भुंगेरे सोडावे लागले.

समारोप

महाराष्ट्राच्या सखल भागातील उष्ण हवामान हीदरला मानवणारे नाही. त्यामुळे ते येथे लावावे, असा या लेखाचा आग्रह नाही. तथापि, वनस्पतीची निगा म्हणजे अधिकाधिक खत व पाणी हा आपला समज हीदर खोटा ठरविते. झुडूप ज्या परिस्थितीत घडले ती ओळखणे आणि तिच्यातील माणसाचा वाटा आपण उचलणे, हीच खरी निगा होय.