पदवी आणि पायवाट : हायडेलबर्गचा हमरस्ता

अमरकोशांत रस्त्याचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत ‘पदवी’ हाहि एक शब्द आहे. पदवी म्हणजे वाट, मार्ग. विद्यापीठ देतें त्या सन्मानासहि आपण मराठींत पदवीच म्हणतों. विद्या ही पावलापावलानें चालून मिळवावयाची वस्तु आहे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे या दोन अर्थांचें सख्य उमगतें. हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतांना पाहावयाचे असतील, तर जर्मनींतील हायडेलबर्ग शहराचा हमरस्ता पाहावा. आमचे एक जुने विद्यार्थी तेथें संशोधनानिमित्त राहतात. ‘गुरुजी, एकदां याच’ या त्यांच्या आग्रहावरून गतवर्षीं आम्ही सहकुटुंब तेथें कांहीं दिवस राहून आलों.

नेकार नदीच्या दक्षिण तीरावर, एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस डोंगर अशा चिंचोळ्या पट्टींत जुनें गांव वसलें आहे. पश्चिमेस बिस्मार्क चौक, पूर्वेस कार्ल दरवाजा आणि गांवाच्या मधोमध एकच लांब रस्ता. त्याचें नांवहि साधें, ‘हाउप्टश्ट्रासे’, म्हणजे मुख्य रस्ता. या रस्त्याचा सुमारें एक मैलाचा भाग पायीं चालणाऱ्यांसाठीं राखून ठेविलेला आहे. ट्रामगाड्या बिस्मार्क चौकाशीं थांबतात. खासगी मोटारी कडेच्या वाहनतळांत राहतात. दुकानांचा माल आणणाऱ्या गाड्यांना ठराविक वेळींच आंत येतां येतें.

या रस्त्यावर पाऊल ठेवतांच प्रथम लक्षांत येतो तो आवाज. इंजिनांची घरघर नाहीं, भोंग्यांचा गलका नाहीं. ऐकूं येतात तीं माणसांचीं बोलणीं आणि फरसबंदीवर पडणारीं पावलें. एक आजीबाई चाकांच्या आधाराची गाडी ढकलीत रस्त्याच्या अगदीं मधून चालल्या होत्या. आईचा हात सोडून एक मूल पुढें धांवलें, तरी आईच्या तोंडावर भय उमटलें नाहीं. दोन विद्यार्थी कसलासा वाद घालीत चालले होते. वाद रंगला तेव्हां ते वाटेंतच थांबले आणि कोणी त्यांना बाजूस व्हा म्हटलें नाहीं. आमच्या सौभाग्यवतींना गुडघ्यांची व्यथा आहे. पुण्यास त्या दोन फर्लांगांसाठीं रिक्षा शोधतात. येथें मात्र सबंध मैल चालून गेल्या.

रस्ता जुना व अरुंद म्हणून आपोआप पादचाऱ्यांचा राहिला, असें कोणास वाटेल. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. १६९३ सालीं फ्रेंच सैन्यानें हें गांव जाळून उद्ध्वस्त केलें. १५९२ सालीं बांधलेलें ‘त्सुम रिटर’ नांवाचें एक देखणें दगडी घर त्यांतून वांचलें, तें आजहि बाजारचौकाजवळ उभें आहे. बाकीचें गांव जुन्या रस्त्यांच्याच आंखणीवर पुन्हां उभारलें गेलें. पुढें विसाव्या शतकांत याच रस्त्यावरून ट्रामगाड्या धांवत, मोटारीहि जात. १९७६ सालीं येथील ट्राम बंद झाली आणि १९७८ च्या सुमारास रस्ता पादचाऱ्यांच्या स्वाधीन करण्यांत आला. म्हणजे आज जें पुरातन भासतें, तें आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालों त्या काळचें आहे. माणसांनीं बुद्ध्या घेतलेल्या निर्णयाचें तें फळ आहे.

या रस्त्याचें दुसरें भाग्य असें कीं, विद्या येथून उठून गेली नाहीं. विद्यापीठाची स्थापना १३८६ सालची. विज्ञान व वैद्यक यांचीं बहुतेक खातीं नदीपलीकडील नव्या वसाहतींत गेलीं. परंतु भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र या विषयांचे वर्ग बव्हंशीं जुन्या गांवांतच भरतात. त्यामुळें कापडाचें दुकान, मिठाईचें दुकान, त्यापुढें व्याख्यानाची इमारत, अशी सरमिसळ येथें सहज आढळते. रस्त्यावरील एका जुन्या वाड्याच्या भिंतीवर स्मृतिफलक आहे. किर्खोफ यांनीं आपले सहकारी बुन्सेन यांच्यासह सिद्ध केलेली वर्णपटाची परीक्षा १८५९ सालीं याच घरांतून सूर्यावर व ताऱ्यांवर चालविली. भाजी घेऊन घरीं जाणाऱ्यास वाटेंत असा फलक वाचावयास मिळतो, हेंहि एक शिक्षणच आहे. जुन्या विद्यापीठाच्या पाठीमागें विद्यार्थ्यांचा तुरुंग जपून ठेविला आहे. दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना १९१४ पर्यंत तेथें कोंडीत. त्यांनीं भिंतींवर काढलेलीं चित्रें पाहून आम्हां मास्तरमंडळींस हंसूं आवरेना.

हंसूं मावळतें तें जवळच्याच विद्यापीठ चौकांत. १७ मे १९३३ रोजीं याच चौकांत नाझी विद्यार्थ्यांनीं पुस्तकांची होळी केली. समोर १९३१ मध्यें बांधलेल्या नव्या इमारतीच्या दारावर ही वास्तु ‘सजीव चैतन्यास’ अर्पण केल्याचा लेख आहे. नाझी राजवटींत ‘सजीव’ हा शब्द काढून तेथें ‘जर्मन’ हा शब्द घालण्यांत आला. युद्धानंतर मूळ शब्द परत आला. व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस एका विशेषणाचें सामर्थ्य इतकें स्पष्ट क्वचितच दिसलें असेल. रस्ता चालण्यासारखा असला म्हणजे त्यावरील माणसें आपोआप सुज्ञ होतात, असा भ्रम कोणी बाळगूं नये, हेंहि तो चौक सांगतो.

महाराष्ट्राचा धागाहि या गांवीं सांपडतो. १९६२ सालीं येथें दक्षिण आशियाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा हीं दैवतें आणि त्यांचे धनगर उपासक यांवर जन्मभर अभ्यास करणारे गुंथर सोन्थायमर याच संस्थेंत अध्यापन करीत. त्यांचा ग्रंथ १९७६ सालीं जर्मन भाषेंत व १९८९ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. १९९२ सालीं ते निवर्तले. जी संस्कृति आपल्याच माळरानांतून मेंढरांमागें पायीं हिंडत होती, तिचा शोध घेणारा पंडित या गांवीं शिकवीत होता, या विचारानें आमचा ऊर भरून आला.

या सुखास दुसरी बाजू नाहीं असें नव्हे. प्रवाशांची दाटी होते. जागांचीं भाडीं चढतात. जुन्या दुकानांच्या ठिकाणीं सर्वत्र आढळणाऱ्या मोठ्या कंपन्यांचीं दुकानें येतात, आणि विद्यार्थ्यास जुन्या गांवांत खोली मिळणें कठीण होतें. बाजारचौकांत आठवड्यांतून दोन दिवस भाजीपाल्याचा बाजार भरतो आणि वर्गांत तास चालूं असतात, तोंवर हा रस्ता रहिवाशांचा आहे. तीं दोन्ही गेलीं, तर तो केवळ पाहुण्यांचें प्रदर्शन होईल.

पुण्यासहि विद्येचें माहेरघर म्हणण्याची चाल आहे. महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांविषयींचें धोरण मान्य केलें. ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग पादचारी दिनानिमित्त वाहनांस बंद ठेवण्यांत आला. त्या दिवसाची आठवण कौतुकानें काढणारे पुष्कळ आहेत. परंतु आमच्या आळींतील समवयस्क मंडळी संध्याकाळीं ग्रंथालयांत जाणें सोडून घरींच बसूं लागली आहे. त्यांचे पाय अद्याप धड आहेत. रस्ता ओलांडण्याची हिंमत मात्र उरलेली नाहीं. म्हातारा घरांत कोंडला जातो, तेव्हां नातवाचा हात धरून त्याला जुन्या वाड्याची हकीकत सांगणारें कोणी उरत नाहीं, आणि शहराची एक पाठशाळा निमूटपणें बंद पडते. ती पुन्हां उघडावयाची, तर वर्षांतून एक दिवस पुरणार नाहीं. ज्या नगरांत हजारों तरुण दरवर्षीं पदवी घेतात, त्या नगरानें आपल्या वडीलधाऱ्यांना निदान एक मैलाची पदवी द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.