पांढऱ्या केसांपुढे लेसर का थांबतो?

'हनुवटीवरच्या केसांसाठी लेसर करून घेऊ का?' हा प्रश्न आता केवळ त्वचाविकाराचे रुग्णच विचारतात असे नाही. अनियमित पाळीसाठी औषध घेणारी तरुणी विचारते, तशीच रजोनिवृत्तीनंतर सांधेदुखीसाठी आलेली गृहिणीही जाता जाता विचारते. उपचार लेसरतज्ज्ञ करणार असला, तरी पहिला सल्ला बहुधा आपल्याकडे किंवा औषधाच्या दुकानात मागितला जातो. म्हणून या विषयाची एक बाजू वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडणे आम्हास आवश्यक वाटते.

त्यामागे आमची स्वतःची एक चूकही आहे. काही वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडलेल्या एका शिक्षिकेस आम्ही 'जरूर करून घ्या' असे सांगून मोकळे झालो. केस किती आहेत हे पाहिले, त्यांचा रंग पाहिला नाही. सहा बैठकांचे पैसे आगाऊ भरून त्या बाई उपचार पूर्ण करून आल्या, तेव्हा काळे केस जवळजवळ गेले होते आणि पांढरे सर्व जागच्या जागी होते. 'पूर्वी काळ्यांत ते लपत तरी होते, डॉक्टर,' एवढेच त्या म्हणाल्या. यंत्रात दोष नव्हता व ते चालविणाऱ्याच्या हातातही नव्हता. दोष आमच्या सल्ल्यात होता.

लेसरला केस दिसत नाही, केसातील रंग दिसतो. विशिष्ट लांबीची प्रकाशलहर अत्यल्प काळ सोडली, तर ती शोषून घेणारा रंगद्रव्याचा भागच तापतो व आजूबाजूची ऊती वाचते, हे तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ साली मांडले. केसाच्या बाबतीत हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. केसाची पुनर्निर्मिती करणाऱ्या पेशींत ते फारसे नसते. काळ्या केसाचा दांडा तापतो आणि त्याची उष्णता त्या पेशींपर्यंत पोहोचते, तेव्हा मूळ निकामी होते. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नाही, त्यामुळे तापण्यासारखे काही नाही. सोनेरी व तांबूस केसात आहे ते मेलॅनिन बव्हंशी वेगळ्या जातीचे असते आणि या लहरी फार कमी शोषते. शक्ती वाढवून हा अभाव भरून निघत नाही, त्वचा मात्र भाजते. (मेलॅनिन म्हणजेच भ्राजक पित्त, अशी समीकरणे आपल्या परिसंवादांत ऐकू येतात. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही; रुग्णेच्या हनुवटीला त्याचा उपयोग नाही.)

रुग्ण यावर सहज तोड काढतात : 'मग मेंदी लावून गेले तर?' मेंदी वा कलप त्वचेबाहेरील केस रंगवतो. मुळाशी, जेथे उष्णता हवी तेथे, तो पुरेसा पोहोचत नाही. बाहेरून रंग पुरविण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनीही केला. १९९५ साली अमेरिकेत केस काढण्यासाठी मान्यता मिळालेल्या पहिल्या लेसरपद्धतीत त्वचेवर कोळशाच्या सूक्ष्म कणांचा लेप चोळीत असत, परंतु परिणाम टिकला नाही.

आपल्याकडे जन्मजात सोनेरी केस विरळ. आपला प्रश्न तिघांचा आहे : पिकलेले केस, गालावरची फिकट लव आणि ब्लीच करून फिकट केलेले केस. तिसऱ्यावर उपाय सोपा; ब्लीच थांबवून नवा, रंगयुक्त केस येऊ द्यावा. लवेच्या बाबतीत धोका अधिक आहे. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर सुरक्षित, कारण मेलॅनिन त्याला कमी शोषते. पण त्याच कारणाने तो बारीक, फिकट केसावर अधिकच दुबळा ठरतो. शिवाय चेहऱ्यावर व मानेवर, विशेषतः अंतःस्रावी दोष असलेल्या स्त्रियांत, लेसरनंतर लव गळण्याऐवजी जाड व काळी झाल्याचे आढळले आहे. केवळ लवेसाठी लेसरचा सल्ला आम्ही देत नाही.

मग पिकलेल्या केसांचे काय? कायमस्वरूपी उपाय विद्युत्-सुईचा, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसचा. प्रत्येक केसाच्या मुळाशी सूक्ष्म सुई नेऊन विद्युत्प्रवाहाने ते नष्ट करतात. रंगाचा संबंध येत नाही. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी १८७५ साली ही पद्धती आत वळलेल्या पापणीच्या केसांसाठी, आपल्या भाषेत पक्ष्मकोपासाठी, प्रसिद्ध केली. एकेक केस घ्यावा लागत असल्याने वेळ फार लागतो, दुखते, आणि हात कुशल नसेल तर डाग वा व्रणवस्तू राहते. हनुवटीवरील वीस-पंचवीस केसांना ती योग्य, पूर्ण पायाला नव्हे.

तात्पुरत्या उपायांत आपले आचार्यही व्यवहारी होते. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणावरील रोम काढण्यासाठी वस्तरा, कात्री व चिमटा सांगितला, आणि शंखचूर्ण-हरतालाचा लेपही. क्षार आणि गंधकयुक्त द्रव्य मिळून केसातील केराटिन विरघळवितात. आजच्या केस काढण्याच्या क्रीममधील थायोग्लायकोलेटचे कार्यही त्याच जातीचे. तेथेही केस काळा की पांढरा हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र हरतालात आर्सेनिक आहे. तो लेप चेहऱ्यासाठी कोणी करून देऊ नये. साधा वस्तराही चालतो. त्याने केस जाड होतात हा समज खरा नाही, पण तो घालविणे कठीण आहे हे मान्य.

औषधविक्रेते बंधूंसाठी दोन गोष्टी. लेसर ठरलेल्या ग्राहकास आधीचे चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग वा उपटणे टाळण्यास सांगावे, कारण केस मुळासकट निघाला तर लेसरला लक्ष्यच उरत नाही. बाकुचीचे तेल लावणाऱ्यास ते लेसरतज्ज्ञास सांगावयास लावावे. काळवंडलेली त्वचा लेसरची उष्णता स्वतःकडे ओढून भाजते.

आता आम्ही रुग्णेस चार-पाच दिवस केस वाढवून यावयास सांगतो व उजेडात भिंगातून पाहतो. थोड्या अवधीत वाढलेले केस, घोगरा झालेला आवाज वा बंद पडलेली पाळी असेल, तर प्रथम रक्ततपासणी. केस काळे असून एखाददुसराच पिकलेला असेल, तर लेसर लवकर करून घ्यावा असे स्पष्ट सांगतो. पिकण्याची वाट पाहिली तर ती संधी जाते. निम्म्याहून अधिक पिकलेले असतील, तर पैसे भरण्यापूर्वीच इलेक्ट्रोलिसिसकडे पाठवितो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही लेसरला 'कायमची घट' एवढाच दावा करू दिला आहे, समूळ निर्मूलनाचा नव्हे, हेही त्याच वेळी कानावर घालतो.

त्या शिक्षिका पुढे इलेक्ट्रोलिसिससाठी गेल्या. आठ महिने लागले.